रस्ता कोणाचा? चेन्नईचा ठराव आणि कष्टकऱ्यांची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर शिल्पकार देवीप्रसाद राय चौधरी यांनी घडवलेले श्रमिकांचे शिल्प उभे आहे. चार कामगार सर्व बळ एकवटून एक अजस्र शिळा हलवीत आहेत. हे शिल्प १९५९ साली तेथे बसवण्यात आले. याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर १ मे १९२३ रोजी कॉ. सिंगारवेलू यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला. त्याच्याही आधी, १९१८ साली, पेरांबूरच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांमधून मद्रास लेबर युनियन उभी राहिली. देशाच्या कामगार चळवळीच्या इतिहासात या शहराचे स्थान असे मानाचे आहे. पण आज याच शहरातील कामगाराला, कामगार स्त्रीला, शाळकरी मुलाला रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. या विसंगतीचा अर्थ समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रस्ता, पदपथ, बसथांबा हे प्रश्न अनेक कार्यकर्त्यांना दुय्यम वाटतात. वेतन, महागाई, बेकारी, घरे हे खरे प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ही समजूत चुकीची आहे. कामगाराचा दिवस कारखान्याच्या दारात सुरू होत नाही. तो त्याच्या घराच्या उंबरठ्यावर सुरू होतो. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. त्या आठ तासांना बसची वाट पाहण्याचे आणि कोंडीत अडकून पडण्याचे तीन तास जोडले गेले, तर दिवस अकरा तासांचा होतो आणि त्या वाढीव तासांचे वेतन कोणी देत नाही. प्रवासाचे भाडे वेतनातून जाते, प्रवासाचा वेळ विश्रांतीतून जातो, आणि रस्त्यावर अपघात झाला तर कुटुंबाचा आधारच जातो. म्हणून रस्त्याचा प्रश्न हा वेतनाचाही प्रश्न आहे आणि कामाच्या तासांचाही.

चेन्नईने काय ठरवले होते?

चेन्नई महापालिका १६८८ साली स्थापन झाली. ती देशातील सर्वात जुनी महापालिका होय. या महापालिकेने २०१४ साली पायी चालणारे आणि सायकलस्वार यांच्यासाठी एक स्वतंत्र धोरण मंजूर केले. असे धोरण स्वीकारणारे हे देशातील पहिले मोठे शहर. धोरणात तीन उद्दिष्टे स्पष्ट शब्दांत लिहिली होती आणि त्यांना २०१८ सालची मुदत घातली होती. शहरातील निदान ८० टक्के रस्त्यांवर सुरक्षित व सलग पदपथ बांधायचे. एकूण प्रवासात पायी व सायकलने होणाऱ्या फेऱ्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या वर न्यायचा. आणि पादचारी व सायकलस्वार यांचे अपघाती मृत्यू शून्यावर आणायचे. यासाठी महापालिकेच्या वाहतुकीवरील खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम याच कामांसाठी राखून ठेवावी, असेही ठरले.

कागदावर या ठरावाला नाव ठेवण्यासारखे काही नाही. केंद्र सरकारच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवणे महत्त्वाचे, हे तत्त्व मान्य केलेच होते. चेन्नईने त्या तत्त्वाला पैशाचा आकडा आणि तारीख जोडली, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु २०१८ साल आले आणि गेले. काही रस्त्यांवर रुंद, नीटनेटके पदपथ झाले हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिन्ही उद्दिष्टे ठरलेल्या मुदतीत गाठली गेली नाहीत आणि रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आले नाहीत. ठराव योग्य होता, पैशाची तरतूद सांगितली होती, तरीही असे का घडले? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पन्नास वर्षांतील उलथापालथ

प्रथम इतिहासाकडे पाहू. भारतातील पहिली विजेवर चालणारी ट्राम १८९५ साली मद्रासमध्ये धावली. कंपनी तोट्यात गेली आणि १९५३ साली ट्राम कायमची बंद झाली. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली. रुळांवरून स्वस्तात माणसे वाहून नेणारे साधन दोन्ही शहरांनी मोडीत काढले आणि ती जागा मोटारींना मोकळी झाली. १९७३ साली मद्रासच्या जेमिनी चौकात शहरातील पहिला उड्डाणपूल उभा राहिला. पुढील दशकांत उड्डाणपुलांची रांगच लागली. उड्डाणपुलावरून पादचारी चालत नाही, सायकलस्वार तेथे चढण्यास धजत नाही आणि बसथांबा तर तेथे नसतोच.

याच काळातील प्रवासाचे आकडे बोलके आहेत. १९७० सालच्या पाहणीनुसार मद्रास महानगरातील दर शंभर फेऱ्यांपैकी सुमारे ५३ बस व रेल्वेने, सुमारे २१ पायी आणि जवळपास तितक्याच सायकलने होत. मोटार आणि स्कूटर-मोटारसायकल मिळून जेमतेम पाच फेऱ्या. २००८ सालच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात चित्र पालटलेले दिसते. बस व रेल्वेचा वाटा ३१ वर घसरला, सायकलचा ६ वर आला, आणि स्कूटर-मोटारसायकलचा २५ वर पोचला. मोटारी व टॅक्सी मिळून मात्र फक्त ६. पायी चालणारे २८.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की इतक्या उलथापालथीनंतरही पायी, सायकलने, बसने व रेल्वेने जाणारे लोक शंभरात ६५, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश होते. रस्त्याची रुंदी मात्र शंभरातल्या सहांसाठी वाढत होती. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. सायकल सोडून मोटारसायकल घेणारा माणूस चैनीपायी ती घेत नाही. काम दूर गेले, बस वेळेवर येईना, सायकलला रस्त्यावर जागा उरली नाही, म्हणून त्याने हप्त्यावर गाडी घेतली. आज दारोदार जेवण आणि माल पोचवणारे हजारो तरुण याच गाड्यांवर पोट भरतात. वेळेच्या सक्तीने त्यांना जीव धोक्यात घालावा लागतो. तो गाडीस्वार कामगारच आहे. पादचारी विरुद्ध दुचाकीस्वार असा तंटा उभा करणे म्हणजे कष्टकऱ्यांना आपसांत झुंजवणे होय.

विरोधाभास असा की सायकलींच्या उत्पादनात या शहराचे नाव मोठे आहे. अंबत्तूरला १९४९ साली सुरू झालेल्या टी. आय. सायकल्सच्या कारखान्यातून हर्क्युलिस आणि बी. एस. ए. या सायकली देशभर गेल्या. महाराष्ट्रातील कितीतरी गिरणी कामगारांनी आणि शिक्षकांनी त्या वापरल्या असतील. तामिळनाडू सरकार गेली अनेक वर्षे सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देत आले आहे. राज्य मुलीच्या हाती सायकल देते, पण त्या सायकलला मोठ्या शहराच्या रस्त्यावर चार फूट जागा देत नाही. मग ती सायकल घराच्या कोपऱ्यात गंजत पडते.

शहराबाहेर फेकलेली माणसे

रस्त्याचा प्रश्न घरांच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. कूवम आणि अड्यार या नद्यांच्या काठी, शहराच्या मध्यभागी पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या हजारो कुटुंबांना तेथून उठवून शहराच्या दक्षिण टोकाला नेऊन टाकण्यात आले. २००० सालापासून कण्णगी नगर, २००४ च्या त्सुनामीनंतर सेम्मंचेरी, पुढे पेरुंबाक्कमच्या बहुमजली इमारती. काहींना पुरामुळे, काहींना नदी सुधारण्याच्या नावाखाली तर काहींना रस्ता व रेल्वेसाठी हलवले गेले. मैलापूर, मंदैवेली, अड्यार या भागांत घरकाम करणाऱ्या बायांचे काम जेथल्या तेथे राहिले आणि घर वीस किलोमीटर दूर गेले. पूर्वी जी बाई दहा मिनिटे चालून कामावर पोचे, ती पहाटेच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभी राहू लागली. थांब्याला छप्पर नाही, रात्री दिवा नाही, थांब्यापर्यंत जायला पदपथ नाही, आणि समोर सहा पदरी महामार्ग. चालणे, बस आणि घर हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या बाईला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पादचाऱ्यांचे मृत्यू शून्यावर यायचे होते त्याच वर्षी, तामिळनाडू सरकारने बसभाड्यांत जबर वाढ केली. चेन्नईत किमान भाडे तीन रुपयांवरून पाच रुपये झाले. विद्यार्थी, कामगार आणि डाव्या पक्षांचे कार्यकर्ते राज्यभर रस्त्यावर उतरले. सरकारला थोडी माघार घ्यावी लागली, पण वाढीचा मोठा भाग कायम राहिला. महागलेल्या बसमधून उतरलेला माणूस एकतर पायी चालतो किंवा कर्ज काढून दुचाकी घेतो. दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत.

याच्या उलट दिशेचे पाऊलही याच राज्याने टाकले, हे सांगितले पाहिजे. मे २०२१ मध्ये सत्तेवर आलेल्या द्रमुक सरकारने आपल्या पहिल्याच आदेशांत साध्या भाड्याच्या शहर बसमध्ये स्त्रियांना विनामूल्य प्रवासाची सवलत दिली. ही योजना 'विडियल पयणम' म्हणजे पहाटेचा प्रवास या नावाने ओळखली गेली. राज्य नियोजन आयोगाच्या अभ्यासात प्रवासी स्त्रीची महिन्याला सरासरी ८८८ रुपयांची बचत होत असल्याचे आढळले. घरकाम करणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या स्त्रीच्या हातात इतकी रक्कम राहणे ही प्रत्यक्ष वेतनवाढच आहे. अर्थात तिकीट विनामूल्य असले तरी बस पुरेशा संख्येने आल्या पाहिजेत. दोन बसमध्ये पाऊण तासाचे अंतर असेल, तर सवलत कागदावर राहते.

येथेच सार्वजनिक मालकीचा प्रश्न उभा राहतो. १९७२ साली स्थापन झालेल्या पल्लवन परिवहन महामंडळाने आणि त्याचा वारसा चालवणाऱ्या महानगर परिवहन महामंडळाने या शहराच्या कष्टकऱ्यांना वाहून नेले. जून २०२५ मध्ये व्यासरपाडी आगारातून १२० विजेच्या, खालच्या पायरीच्या बस सुरू झाल्या. वृद्धांना, गरोदर स्त्रियांना, अपंगांना चढता येईल अशा बस याव्यात ही जुनीच मागणी होती. तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु या बस खासगी कंत्राटदाराच्या मालकीच्या असून चालकही त्याचाच आहे. वाहक महामंडळाचा आणि चालक कंत्राटदाराचा, अशी एकाच बसमध्ये कामगारांची दोन गटांत विभागणी झाली. नवी बस प्रवाशाच्या सोयीची आणि नवी पद्धत कामगाराच्या तोट्याची, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. कामगार संघटनेने बसला विरोध न करता कंत्राटी पद्धतीला विरोध केला, तरच प्रवासी तिच्या बाजूने उभा राहील.

पदपथ कोणासाठी?

टी. नगर हा चेन्नईचा सर्वात गजबजलेला बाजार. तेथील त्यागराय रोड, म्हणजे पोंडी बाजार, याचे रूप स्मार्ट सिटी योजनेखाली पालटण्यात आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंद पदपथांसह तो लोकांसाठी खुला झाला. मोटारींची जागा कमी करून चालणाऱ्यांना दिली तर बाजार ओस पडतो, हा व्यापाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप तेथे खोटा ठरला. झाडांच्या सावलीत बसण्याची जागा मिळाली. म्हातारी माणसे, लहान मुले निर्धास्तपणे वावरू लागली. हे यश आहेच.

पण त्या पदपथाची दुसरी बाजूही आहे. २०१३ साली पोंडी बाजारातील फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून एका बहुमजली इमारतीत बसवण्यात आले होते. ज्यांचा धंदाच चालत्या गिऱ्हाइकावर अवलंबून असतो, त्यांना जिना चढून येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहायला लावले गेले. पुढे त्याच रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी कोट्यवधींचा खर्च झाला. ज्यांनी पिढ्यानपिढ्या तो बाजार जिवंत ठेवला, त्यांना त्या सौंदर्यात जागा किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

फेरीवाला पादचाऱ्याची जागा अडवतो, असे वृत्तपत्रांतून रोज सांगितले जाते. पदपथावर चढवून ठेवलेल्या मोटारी, विजेच्या पेट्या, जाहिरातींचे खांब, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, बांधकामाचा राडारोडा यांची चर्चा होत नाही. केंद्राच्या २०१४ सालच्या फेरीवाला कायद्याने प्रत्येक शहरात नगर विक्री समिती नेमण्याची आणि तिच्यात किमान ४० टक्के निवडून आलेले फेरीवाले प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली. चेन्नईचे पादचारी धोरण आणि हा कायदा एकाच वर्षाचे. दोन्हींची अंमलबजावणी एकत्र झाली असती तर चालणाऱ्यांसाठी मोकळा पट्टा आणि त्याच्या कडेला विक्रेत्यांसाठी आखलेली जागा, असे दोघांचेही भले झाले असते. संध्याकाळी विक्रेत्यांचे दिवे लागलेल्या रस्त्यावरून स्त्रिया निर्भयपणे चालतात, हेही विसरता कामा नये.

हा इशारा आज अधिक गरजेचा झाला आहे. कोइम्बतूरचे शल्यचिकित्सक डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी, योग्य पदपथ मिळणे हा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये सामावलेला आहे, असे स्पष्ट केले. जीविताच्या हक्काचा हा विस्तार स्वागतार्ह आहे. मात्र याच अनुच्छेदाखाली १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या संदर्भात उपजीविकेचा हक्कही मान्य केला होता. चालण्याचा हक्क आणि पोट भरण्याचा हक्क एकाच कलमातून निघतात. एकाचा दंडुका करून दुसऱ्याला हाकलू देता कामा नये.

अपघात हा दैवाचा घाला नव्हे

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. अपघातांच्या संख्येत त्या वर्षी तामिळनाडू देशात पहिला होता. इतकी माणसे खाणीत किंवा कारखान्यात मेली असती तर देश हादरला असता. रस्त्यावरचा मृत्यू मात्र नशिबाच्या खात्यावर टाकला जातो, किंवा मेलेल्याचाच दोष ठरवला जातो.

वस्तुस्थिती काय आहे? वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वेग कमी करणारी रस्त्याची रचना हीच माणसे वाचवते. सिग्नलचे साधे गणित पाहावे. २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या धडधाकट माणसाला २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धेला ३० सेकंद लागतात. सिग्नल १५ सेकंदांचा असेल, तर वृद्धा रस्त्याच्या मध्यभागी असताना मोटारी सुटतात. तिला धडक बसली तर त्याला अपघात म्हणावे काय? पंधरा सेकंदांचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे भारतीय रस्ते परिषदेचे मानक आहे. फूटभर उंच पदपथावर गुडघे दुखणारी बाई चढत नाही. ती रस्त्यावरूनच चालते. मग तिने नियम मोडला असे म्हटले जाते.

नेदरलँड्सचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील सायकलमार्ग ही त्या देशाला निसर्गाने दिलेली देणगी नव्हे. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप, विद्यार्थी आणि वस्त्यांतील रहिवासी रस्त्यांवर उतरले, त्यांनी चौक अडवले, मुलांची हत्या थांबवा अशी मागणी केली. आज जगभर कौतुक होणारे ते रस्ते जनआंदोलनाने मिळवलेले आहेत.

ठराव कोणी विचारायचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चेन्नईचा योग्य ठराव मुदतीत का पूर्ण झाला नाही? एक ठोस कारण पुढे येते. निवडून आलेल्या महापालिकेची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि पुढील निवडणूक थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. सव्वापाच वर्षे शहराचा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. २०१८ ही मुदत नेमकी त्याच काळात आली. ८० टक्के रस्त्यांपैकी किती झाले, ६० टक्के रक्कम कोठे गेली, हे सभागृहात उभे राहून विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. २०११ साली शहराची हद्द १७४ वरून ४२६ चौरस किलोमीटर झाली होती. नव्याने सामील झालेल्या कामगार वस्त्यांना पदपथाची सर्वाधिक गरज होती आणि विचारणा करण्याचा अधिकार सर्वात कमी.

महाराष्ट्रातील कॉम्रेड्सना हे चित्र परके वाटणार नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचे राज्य. याच काळात, २०२४ साली, हजारो कोटींचा सागरी किनारा मार्ग मोटारींसाठी खुला झाला, आणि मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये, म्हणजे दुप्पट झाले. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस वर्षानुवर्षे घटत गेल्या आणि त्यांची जागा कंत्राटदारांच्या भाड्याच्या बसने घेतली. ज्या मुंबईत २००८ सालच्या अभ्यासानुसार निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत, तेथे ही खर्चाची क्रमवारी आहे. पुण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. पण सायकलमार्ग तुकड्यातुकड्यांनी झाले आणि त्यांवर वाहने उभी राहू लागली.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा: सत्ताधारी वर्ग चांगला ठराव मंजूर करण्यास फारसे कचरत नाही, ठरावाचा हिशेब मागणारी संघटित जनता उभी राहू नये, एवढीच काळजी तो घेतो. रस्त्याची रुंदी ठरलेली असते. मोटारीला दिलेला प्रत्येक फूट कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो. हे वाटप नकाशावर होते, पण त्याचा निकाल संघटनेच्या बळावर लागतो.

एका शंकेचे निरसन

एक प्रामाणिक शंका येथे उपस्थित होते. चेन्नईच्या आसमंतात मोटार उद्योगातील कामगारांची मोठी संख्या आहे. इरुंगाट्टुकोट्टै, ओरगडम येथील कारखान्यांत मोटारी तयार होतात. मोटारींची जागा कमी करण्याची मागणी त्या कामगारांच्या पोटावर पाय देणारी नाही काय? तसे नाही. मोटार बनवणारा कामगार स्वतः बहुधा बसने किंवा दुचाकीने कामावर जातो. त्याची बायको पदपथ नसलेल्या रस्त्याने बाजारात जाते. शिवाय बसही याच शहरात बनतात. एन्नोरचा अशोक लेलँडचा कारखाना स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळातला आहे. सार्वजनिक महामंडळांनी हजारोंनी बस मागवल्या, तर रोजगार घटण्याऐवजी वाढेल. चालक, वाहक, यांत्रिक यांची कायम भरती होईल. मोटार उद्योगातील नोकऱ्या टिकवण्याचा लढा मालकांशी आहे. तो पादचाऱ्यांशी नाही.

तसेच मेट्रोबद्दल. २०१५ साली सुरू झालेल्या चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला, सुमारे ११९ किलोमीटर लांबीच्या आणि ६३,२४६ कोटी रुपयांच्या योजनेला, केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. मेट्रोला विरोध करण्याचे कारण नाही. पण स्थानकापर्यंत जाणारा पदपथ आणि स्थानकाशी जोडणारी बस नसेल, तर हजारो कोटींचे स्थानक वस्तीपासून दूरच राहते. त्या रकमेच्या अल्पांशात सभोवतालचे रस्ते चालण्याजोगे होतात, ही मागणी प्रत्येक स्थानकाच्या बांधकामाबरोबरच करावी लागेल.

कार्यकर्त्यांपुढील काम

कॉम्रेड्स, चेन्नईचा धडा कोठल्याही शहरातील शाखेला लागू पडतो. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक मोजपट्टी, एक वही आणि चार कार्यकर्ते पुरेसे आहेत.

पहिले काम मोजणीचे. आपल्या वॉर्डातील शाळा, दवाखाना, बाजार, कारखान्याचे फाटक आणि बसथांबे यांना जोडणारे रस्ते पायी चालून पाहावेत. पदपथ १.८ मीटर मोकळा आहे काय, किती उंच आहे, कोठे तुटतो, सिग्नल किती सेकंदांचा आहे, थांब्यावर छप्पर व दिवा आहे काय, हे लिहून काढावे. ज्या ठिकाणी माणूस दगावला ती जागा नकाशावर दाखवावी. या मोजणीत वस्तीतील स्त्रिया, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना बरोबर घ्यावे, कारण रस्त्याची खरी परीक्षा तेच घेतात.

दुसरे काम हिशेबाचे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात उड्डाणपूल व रस्ता रुंदीकरणाला किती आणि पदपथ, सायकल व बस यांना किती, हे माहितीच्या अधिकाराखाली मागून लोकांसमोर ठेवावे. चेन्नईचा ६० टक्क्यांचा ठराव प्रत्येक शहरात मागणी म्हणून मांडता येतो.

तिसरे काम एकजुटीचे. बस कामगारांची संघटना, फेरीवाल्यांची संघटना, घरकामगार स्त्रियांची संघटना, विद्यार्थी आणि दारोदार माल पोचवणारे तरुण यांना एका मागणीपत्रावर आणावे. भाडेवाढ रद्द व्हावी, सार्वजनिक मालकीच्या बस वाढाव्यात, बससाठी राखीव मार्ग असावा, वस्त्यांत वाहनांचा वेग मर्यादित व्हावा, फेरीवाल्यांना आखून जागा मिळावी, शहराबाहेर नेलेल्या वस्त्यांना पहाटे आणि रात्री पुरेशा बस मिळाव्यात. या मागण्या सुट्या सुट्या मांडल्या तर एकमेकींच्या आड येतात. एकत्र मांडल्या तर त्यांना शहरातील बहुसंख्यांचे बळ मिळते.

चौथे काम चिकाटीचे. एका मोर्चाने पदपथ होत नाही आणि झालेला पदपथ एका वर्षात पुन्हा अडवला जातो. दर सहा महिन्यांनी तीच वही घेऊन त्याच रस्त्यावर जावे लागेल. चेन्नईत ठराव कमी पडला नाही, ही वही कमी पडली.

मरीनावरील शिल्पातले चार कामगार शिळा हलवीत आहेत, कारण चौघांचा जोर एकाच दिशेने लागला आहे. पहाटेच्या अंधारात पेरुंबाक्कमच्या थांब्यावर उभी असलेली घरकामगार, आगारातून पहिली बस काढणारा चालक, टी. नगरात टोपली मांडणारा विक्रेता आणि सायकलवर शाळेला निघालेली मुलगी यांचा जोर एका दिशेने लागला, तर शहराचा रस्ता पुन्हा त्यांचा होईल. तो त्यांच्याच श्रमाने बांधलेला आहे.